काचेआडचं लाटणं

"पाखरांना घातल्या असत्यास तरी मी तोंड उघडलं नसतं," नाझिफे म्हणाली. "कचऱ्यात का टाकल्यास?"

"आई, हळू बोल. बाहेर गिऱ्हाईक आहे."

"आहे ना? मग त्यांच्या ताटात कुणाच्या हातचं गेलं, ते सांग."

 बर्लिनमधलं हे दुकान तुंजायचं. नाझिफेचा हा एकुलता एक मुलगा, वय चव्वेचाळीस, आणि या घडीला तो आधीच पुसलेलं स्टीलचं टेबल पुन्हा पुसत होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नाझिफे बाही कोपरापर्यंत सारून उभी होती. ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात हात घालून ती आतल्या पोळ्या एकेक करून सोडवत होती आणि टेबलावर पसरत होती. कच्च्या, कागदासारख्या पातळ, कांद्याच्या सालींना चिकटलेल्या. अकरा निघाल्या होत्या, खालच्यांचा लगदा झाला होता. तव्यापाशी इल्यास आचारी छताकडे बघत उभा होता, जसं काही तिथेच काहीतरी करपत होतं.

"कालच्या असतील," तुंजाय म्हणाला.

"आजच्या आहेत. सकाळी मीठ जरा जास्त पडलंय. तुकडा तोड, जिभेवर ठेव."

"डब्यातला?"

"डब्यात मी नाही टाकल्या."

एवढ्यात गल्ल्यावरून बेरिन आत आली. तुंजायची बायको. डोक्याला चष्मा, कानामागे पेन्सिल. टेबलावरचा पसारा बघून ती क्षणभर थांबली, पण खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. तेवढा वेळही नव्हता.

"कळलं वाटतं. बरं झालं. आई, तीन आठवडे झाले याला. तुम्हाला आज कळलं, म्हणजे तसा काही फरक पडत नव्हता."

"मला कुठे कळलं? लेनर्टबाईंना कळलं."

लेनर्टबाई याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या. दुकान उघडल्यापासून, म्हणजे सात वर्षं, दुपारी साडेबाराला काठी टेकत खाली यायच्या आणि बटाट्याचं सारण भरलेली एक गोझलेमे घ्यायच्या. पातळ लाटलेल्या पोळीत सारण पसरायचं, घडी घालायची, तव्यावर भाजायची, वरून लोणी फिरवायचं, झाली गोझलेमे. आज खाऊन झाल्यावर त्या दर्शनी काचेपाशी आल्या. त्या काचेच्या आत बुटक्या पोळपाटापुढे नाझिफे बसलेली असायची. काठीची मूठ काचेवर टकटक वाजवून त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा अंगठा बरा झाला वाटतं. अभिनंदन."

"कुठला अंगठा?"

"हा. तुमच्या पोळीला एका जागी जाड कड असायची. मी ती शेवटच्या घासाला ठेवायचे. हल्ली सगळीकडून सारखी असते. म्हटलं, डॉक्टरांनी काहीतरी केलं असेल."

नाझिफेने उजव्या हाताचा अंगठा वर करून पाहिला. दिव्याच्या कारखान्यात दुसऱ्या वर्षी त्यावर तापलेली काच पडली होती. तेव्हापासून तो पेरात वाकत नाही. त्यामुळे लाटणं फिरवताना एका जागी जोर कमी पडतो आणि तिथे दोन बोटं रुंद अशी कड जाड राहते. तिचा नवरा रिझा त्याला पोळीची मूठ म्हणायचा. इथे धरा म्हणजे बोटं भाजत नाहीत, असं गिऱ्हाइकांना सांगायचा. तिने आजही शंभराच्या वर पोळ्या लाटल्या होत्या, प्रत्येकीला मूठ होती. हात झटकून ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फ्रीजर न उघडता सरळ डब्याचं झाकण उघडलं. कुठे बघायचं हे तिला कसं कळलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आई, ऐका," बेरिन म्हणाली. "तुम्ही तासाला वीस लाटता. शनिवारी मला तासाला साठ लागतात. रांग फुटपाथवर जाते, लोक कंटाळून समोर डोनर कबाब खायला जातात. कारखान्याच्या पोळ्या गोठवलेल्या येतात, एकाच मापाच्या, फाटत नाहीत. तीच कणीक, तेच पाणी."

"मग मला कशाला बसवलंय?"

 बोलला तो इल्यास, आणि तोही तव्याकडे तोंड करून. "लोक बघायला येतात ना, ताई."

"मी लाटायची, खिडकीतून आत सरकवायची, आणि तू ती उचलून डब्यात टाकायचास?"

"पहिला आठवडा आम्ही खाल्ल्या, ताई. कामगारांनी. पण रोज शंभर कोण खाणार?"

नाझिफेने अकराच्या अकरा पोळ्या एकावर एक ठेवल्या, कागदी पिशवीत घातल्या आणि मागच्या अंगणात गेली. त्या अंगणाभोवतीची तुर्की घरं शिळा पाव कधी कचऱ्यात टाकत नाहीत. पिशवीत घालून कुंपणाच्या आकड्याला अडकवतात, कुणीतरी ससे पाळणारा नाहीतर कोंबड्यांवाला घेऊन जातो. पाव रस्त्यात पडलेला दिसला तरी उचलायचा, ओठांना लावायचा, कपाळाला लावायचा आणि पायाखाली येणार नाही अशा उंचीवर ठेवायचा, हे तुंजायला तिने बोट धरून शिकवलं होतं. त्याला ते येत होतं. शाळेतून येताना दुसऱ्यांनी टाकलेले अर्धे सँडविच तो भिंतींवर ठेवत यायचा, आणि मुलं हसायची. कच्च्या कणकेचं ससा काय करणार, हे तिलाही कळत होतं. तरी तिने पिशवी अडकवली आणि पोळपाट न आवरताच घरी निघून गेली.

घर दोन गल्ल्या सोडून होतं. चौघांचं, आता तिघांचं. नात कोलोनला शिकायला गेली होती. नाझिफेने चहा ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बघत बसली.

या हातांकडे लोक पहिल्यापासून बघत आले होते. तुर्कस्तानात गेदिझला भूकंपात घर गेलं त्या साली ती एकोणीस वर्षांची होती. जर्मनीला कामगार नेणाऱ्या इस्तंबूलच्या भरती कचेरीत परक्या डॉक्टराने आधी तिचे दात पाहिले आणि मग बोटं. पसर, मिट, परत पसर. बारीक बोटं होती म्हणून दिव्यांच्या कारखान्यात घेतलं. जाड बोटांच्या बायका मासे भरायला उत्तरेला गेल्या. बर्लिनच्या वसतिगृहात एका खोलीत सहा जणी. विजेची एक शेगडी, आणि लसणाचा वास आला तर शेगडीही काढून घेऊ, अशी वॉर्डनबाईची ताकीद. पहिल्या हिवाळ्यात नाझिफेला घरच्या पोळीची इतकी आठवण आली की तिने केरसुणीचा दांडा करवतीने कापला, धुतला, काचेच्या तुकड्याने तासला आणि टेबलावर पोळी लाटली. खोलीतलीच मुनेव्वर दाराशी पहारा देत होती. भाजल्याच्या वासाने वॉर्डनबाई आलीच. ती उंबऱ्यात उभी राहिली, सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं, आणि मुनेव्वरने ताटली पुढे केली. दुसऱ्या दिवसापासून शेगडीचं नाव निघालं नाही. तोच दांडा अजून नाझिफेच्या हातात होता.

बर्लिनची भिंत पडल्यावर दोन वर्षांत कारखाना बंद झाला. रिझाचाही, तिचाही. तेव्हा कालव्याकाठच्या बाजारात मंगळवारी आणि शुक्रवारी दोघं तवा लावायला लागली. ती लाटायची, तो भाजायचा आणि बडबड करायचा. तेवीस वर्षं. तुंजाय तेव्हा वयात आलेला, बाजाराच्या दिवशी दुसऱ्या बाजूने जायचा. आणि बाप गेल्यावर त्यानेच दुकान टाकलं, आणि वर मोठी पाटी लावली, 'नाझिफे आईची गोझलेमे'. पाटी चढवली त्या दिवशी रस्त्यापलीकडे उभी राहून ती किती तरी वेळ नुसती वाचत होती.

संध्याकाळी तुंजाय आला तेव्हा ती मसूर निवडत होती.

"आई, तुला आराम मिळावा हाही विचार होता," तो बूट काढता काढता म्हणाला. "तुझे गुडघे..."

"आराम द्यायचा असता तर घरी बसवलं असतंस. तू तर मला तिथेच बसवलंस, फक्त कामावरून काढलंस. आणि सांगितलंही नाहीस."

"उद्या येणार आहेस ना?"

"येणार," ती म्हणाली. "मला कुणी नको म्हटलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला दुकानात आली, पण रिकाम्या हाताने नाही. काखेत घरातला कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड होता आणि पिशवीत दोन धुतलेल्या पांढऱ्या चादरी. काचेच्या आत, पोळपाटाशेजारी, तिने स्टँड उघडून उभा केला, दांड्यांवर चादर अंथरली आणि कणीक मळायला घेतली. उंडे केले, ओल्या फडक्याखाली ठेवले, आणि लाटायला बसली.

पहिली पोळी लाटून झाली तेव्हा इल्यासने सवयीने मधल्या खिडकीतून हात पुढे केला. तिने पोळी लाटण्यावर गुंडाळली, वळली आणि स्टँडच्या दांडीवर उलगडून टाकली.

"ताई?"

"तुझं चालू दे."

दहापर्यंत खालच्या दांड्या भरल्या. अकरापर्यंत वरच्या. मग तिने काचेच्या वरच्या कडेला पडद्याची रिकामी सळई होती, तिच्यावर पोळ्या टाकायला सुरुवात केली. स्टुलावर चढायची, टाकायची, उतरायची. प्रत्येकीची जाड कड खाली. बारा वाजेपर्यंत रस्त्यावरून आत काही दिसेनासं झालं. नुसत्या पोळ्या. मधल्या फटीतून एखादा हात, लाटण्याचं टोक, पिठाचा ढग.

बेरिन बाहेर जाऊन बघून आली.

"आई, हे काय चाललंय?"

"शेवया. हिवाळ्याच्या. जरा सुकल्या की कापायच्या."

"दुकानात?"

"वाया नको जायला. तूच म्हणालीस ना, शंभर कोण खाणार? सुकवल्या की वर्षभर टिकतात."

"मला टोमणा मारताय."

"तुला कळला ना? मग झालं."

 रागावली की बेरिन काउंटर आवरायची. त्या दिवशी काउंटर तीनदा आवरून झाला.

एक वाजता नेहमीचा मार्गदर्शक मुलगा आला, गळ्यात नारिंगी दोरी, मागे पंधरा पर्यटक. आठवड्यातून तीनदा यायचा. शहर खाऊन दाखवणं हा त्याचा धंदा होता. आधी कोपऱ्यावर डोनर, मग ही काच, मग पुढे मिठाई. काचेसमोर उभा राहून तो नेहमी एकच बोलायचा. आमची आजी पहाटेपासून लाटते आहे, हिचं लाटणं शंभर वर्षांचं, गावाहून आणलेलं. नाझिफेला जर्मन कळायचं, चांगलं कळायचं. खरं तर केरसुणीचा दांडा, वसतिगृह, सत्तर साल. पण तिने कधी सुधारलं नव्हतं. ज्या शहराने लसणाच्या वासाला नाक मुरडलं, तेच आता पैसे देऊन वास घ्यायला येतंय, याची तिला आतल्या आत गंमत वाटायची.

आज त्याला आजी सापडेना. त्याने काचेला कपाळ टेकवलं, मग आत येऊन पोळ्यांच्या मधून डोकं घातलं.

"नमस्कार. आज काय विशेष?"

"शेवया."

"वा. पण फोटो... जरा बाजूला करता येईल? दोनच मिनिटं."

"ओल्या आहेत. ओढल्या तर फाटतील."

"बरं. पण आजच्या आमच्या गोझलेमे तुम्हीच लाटल्यात ना?"

गल्ल्याशी तुंजाय उभा होता. सुट्टे मोजणारा त्याचा हात थांबला. बेरिनने पेन्सिल कानामागून काढली आणि परत कानामागे ठेवली. 

"मी लाटते आहे, हे दिसतंय ना तुला?" ती म्हणाली आणि पुढचा उंडा घेतला.

मुलगा हसला, बाहेर गेला आणि पर्यटकांना शेवयांबद्दल काहीबाही सांगू लागला. त्यांनी पोळ्यांचे फोटो काढले. काहींना ते जास्तच आवडलं. नाझिफेच्या हातातली लाटी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा फाटली.

गुरुवारीही तिने तेच केलं. संध्याकाळी सहाला दुकान रिकामं झालं. सुकलेल्या पोळ्यांची चवड घेऊन ती बारीक कापत बसली होती. सुरी एका लयीत चालत होती. तुंजाय समोरच्या खुर्चीवर येऊन बसला.

"काल तू त्याला सांगितलं का नाहीस?"

"कुणाला?"

"त्या पोराला. सांगता आलं असतं तुला."

"तू माझा मुलगा आहेस. भर दुकानात तुझी अब्रू काढायला मी वेडी नाही."

"मग हे सगळं काय आहे?"

"कापल्यावर दिसेलच. शेवया."

तो थोडा हसला. तिलाही हसू आलं असतं, पण तिने सुरी थांबवली नाही.

"आई, आपण असं करू. तुझ्या पोळ्या वेगळ्या ठेवू. लेनर्टबाईंसारखे जुने लोक आहेत, वीस-पंचवीस. त्यांना तुझ्या हातच्या द्यायच्या. बाकीच्यांना नाही गं कळत."

"म्हणजे माझी पोळी खायला आधी परीक्षा द्यायची?"

"तसं नाही."

"तवा इथे काचेत आण. मी लाटेन, मीच भाजेन. पन्नास होतील, साठ होतील. संपल्या की संपल्या. लोकांना दिसेल तेच लोक खातील."

"विचारलं मी घरमालकाला, खरंच विचारलं. धूर बाहेर काढायची नळी लागते, तो भिंत फोडू देत नाही. आणि साठात दुकान चालत नाही, आई. तुला माहीत आहे. भाडं तू भरत नाहीस."

"नाही भरत," तिने कबूल केलं.

"मग घरी राहा. खरंच राहा. शेवया कर, फिरायला जा. कोण म्हणतंय तुला काम कर म्हणून?"

"आणि काचेत कोण बसेल?"

तो खुर्चीच्या पाठीवरचा रंग नखाने खरवडू लागला. लहानपणी मार चुकवायचा असला की असंच करायचा.

"बेरिनने बघून ठेवलीय एक बाई. वयस्कर आहे, चेहरा चांगला आहे."

"लाटता येतं तिला?"

"यायला कशाला हवं," तुंजाय म्हणाला. म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो लगेच उठला आणि शटरची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

नाझिफेने शेवया कापून संपवल्या, चादरीत बांधल्या, पीठ झटकलं. लाटणं मात्र त्या दिवशी दुकानात न ठेवता तिने पिशवीत घातलं.

शुक्रवारी ती काचेत बसली नाही. कालव्याकाठच्या बाजारात गेली. मुनेव्वर तिथे अजून कापड आणि लेस विकत होती. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, उंच स्टुलावर राणीसारखी बसायची आणि गिऱ्हाइकांना गजाच्या पट्टीने दमात घ्यायची.

"बघ, आली," मुनेव्वर शेजारच्या ऑलिव्हवाल्याला म्हणाली. "काचेतली बाई. हात लावू नका, मागितली तर दाखवायला काढतात."

"तुलाही कळलं?"

"अगं, दोन दिवस पोळ्यांचा पडदा लावून बसलीस रस्त्यावर. न कळायला आम्ही आंधळ्या? बस. चहा घे."

नाझिफेने सगळं सांगितलं. मुनेव्वर ऐकत होती आणि मध्ये मध्ये तागा उलगडून दाखवत होती, दीड मीटर, दोन मीटर. सांगून झाल्यावर म्हणाली, "माझी जागा चार मीटर आहे. मला आता दोन पुरे. गेल्या वर्षीच म्हटलं होतं तुला, तेव्हा म्हणालीस, मुलाचं दुकान आहे."

"मुलाचंच आहे."

"मग?"

"मग काय. दोन मीटरमध्ये तवा, पोळपाट आणि मी बसतो का, ते मोजू."

गजाच्या पट्टीनेच मोजलं. बसत होतं, मुनेव्वरने पोट आत घेतलं तर.

"पण उभ्याने करावं लागेल," मुनेव्वर म्हणाली. "इथे कुणी तुला जमिनीवर गालिचा घालून देणार नाही."

"उभ्यानेच करायचंय मला. तेवीस वर्षं उभ्यानेच केलं. खाली बसवलं ते तुंजायने. खाली बसून जास्त गावाकडचं दिसतं म्हणे."

पुढचे आठ दिवस कागदपत्रांत गेले, आणि घरात कुणी काही विचारलं नाही. नाझिफे दुकानात येत नव्हती. काच रिकामी होती. तुंजायला वाटलं, राग आहे, उतरेल. बेरिनला तसं वाटत नव्हतं. नाझिफे सकाळी कोट घालून बाहेर पडायची आणि दुपारी यायची. आरोग्य खात्यात तिला वीस-बावीस पोरापोरींच्या बरोबर अंधाऱ्या खोलीत बसवून हात कसे धुवावेत याची फिल्म दाखवली. शेजारची मुलगी पेंगत होती. नाझिफेने शेवटपर्यंत नीट बघितली. व्यवसाय नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईने कपाळाला आठ्या घालून विचारलं, "या वयात नवीन व्यवसाय?"

"जुनाच आहे," नाझिफे म्हणाली. "मध्ये काही दिवस बंद होता."

बाजाराच्या व्यवस्थापकाकडे मुनेव्वर स्वतः गेली आणि काम झाल्याशिवाय खुर्चीवरून उठली नाही. गुडघ्यांचं कारण सांगितलं.

राहिला होता तवा. लोखंडाचा, मधे फुगीर, गेदिझहून गाडीच्या डब्यात आणलेला. रिझा गेल्यापासून तो राहत्या इमारतीच्या तळघरात भिंतीला टेकून उभा होता. शनिवारी दुपारी नाझिफे किल्ली घेऊन खाली उतरली. तव्यावर गंज चढला होता, तांबडा, हाताला लागणारा. तिने मीठ आणि तेल घेतलं, काथ्याची घासणी घेतली आणि उकिडवी बसून घासायला लागली. गुडघे बोलायला लागले, तेव्हा उलटी बादली घेऊन तिच्यावर बसली. तासाभराने मध्यभागी काळा लोखंडी रंग दिसायला लागला, ताटलीएवढा. मग थाळ्याएवढा.

दारात सावली पडली. बेरिन होती, कपड्यांची टोपली घेऊन. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"खालची बाजू राहिलीय," ती म्हणाली.

"माहीत आहे. फिरवता येत नाही मला एकटीला."

बेरिनने टोपली खाली ठेवली. दोघींनी मिळून तवा उलटा केला. बेरिनच्या हातांना, पांढऱ्या शर्टाच्या बाहीला गंज लागला. तिने बाहीकडे बघितलं आणि ती वर सारली.

"मी केलं ते दुकानासाठी केलं, आई," ती म्हणाली. "तुमच्यावर राग म्हणून नाही."

"तुझा मला राग नाही. हिशोबी माणूस लागतंच दुकानाला. फक्त मला सांगायला हवं होतंत. मी तीन आठवडे हसून बघत होते त्या काचेतून. लोक हात हलवायचे, मी हलवायचे. मला वाटायचं, खाऊन चालले आहेत माझ्या हातचं."

बेरिनने टोपली उचलली. दारात थांबली. "तुंजायला सांगितलंत?"

"उद्या सांगेन. सगळे टेबलाशी असताना."

रविवारी सकाळी उशिरा न्याहारी. टोमॅटो-मिरचीत परतलेली अंडी, चीज, ऑलिव्ह, दोन मजली किटलीतला चहा. नातही कोलोनहून आली होती, केस ओले, डोळे अर्धवट मिटलेले. नाझिफेने सगळ्यांचे पेले भरले, आपला शेवटी भरला, साखरेचे दोन खडे टाकले आणि ढवळला. तुंजाय पाव तोडत होता. तुकडा टेबलाखाली पडला, तो वाकला, उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि ताटलीच्या कडेला ठेवला. आपण काय करतोय याकडे त्याचं लक्षही नव्हतं. नाझिफेचं होतं.

"आई, पुढच्या आठवड्यात येतेस ना दुकानात?" तो म्हणाला. "त्या बाईला मी नाही म्हणून कळवलंय. काच रिकामी बरी नाही दिसत."

"नाही येत," नाझिफे म्हणाली. "परवा मंगळवारपासून मी कालव्याच्या बाजारात उभी राहणार आहे, मुनेव्वरच्या शेजारी. कागद झालेत. तवा घासून ठेवलाय, जड आहे, सकाळी सहाला मला तुझी गाडी लागेल."

नातीचे डोळे उघडले. बेरिनने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला.

"आणि त्याआधी पाटीवरचं माझं नाव उतरव," नाझिफे म्हणाली. "शिडी तळघरात आहे."